उत्तरं फुकट झाली तेव्हा

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला बागेविषयी विचारलं तर तो तारीख सांगत नाही, दिवस सांगतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की मोजणी सुरू. "आपला बाविसावा चालू आहे", "शेजारच्यांचा पंचेचाळिसावा" ही भाषा कृषी सेवा केंद्राच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही ऐकू येते. डोळे फुटताना, पोंगा अवस्थेत, कुठली फवारणी, घड संजीवकात बुडवायचं डिपिंग कधी, मणी विरळ करायच्या थिनिंगला मजूर कधी लावायचे, सगळं त्या दिवसांवर ठरतं. शेतीच्या खता-औषधांच्या कंपन्यांसाठी मराठीत लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हे दिवसांचं गणित समजायला मलाही बरीच वर्षं लागली आणि कंपन्यांच्या पुण्या-मुंबईतल्या मार्केटिंग विभागांना तर ते अजूनही नीटसं समजलेलं नाही. त्यांचं कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार असतं.

या कामाला आता कंटेंट मार्केटिंग म्हणतात. 'आमचं खत घ्या' असं थेट म्हणायचं नाही. शेतकऱ्याची अडचण सोडवणारी माहिती द्यायची, ती उपयोगी पडली की खरेदीच्या वेळी आपलं नाव त्याच्या तोंडात येतं, एवढंच त्यातलं तत्त्व. ऑफिसात नव्यानं येणाऱ्या मुलांना वाटतं की हे खूळ इंटरनेटबरोबर आलं. जॉन डियर या नांगरवाल्या कंपनीनं 'द फरो' हे शेतीचं नियतकालिक १८९५ मध्ये काढलं होतं. आपल्याकडे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्र. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक केलं, मग 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. ज्यांच्या घरी नांगर धरायला कुणी नव्हतं अशा घरांतही ती मासिकं गेली. मार्केटिंगच्या कुठल्याही वर्गात मी हे उदाहरण आधी देते, कारण त्यात कारखान्याचा फायदा आणि वाचकाचा फायदा यांची वाटणी वाचकाच्या बाजूनं झुकलेली होती. आमच्या क्षेत्रात ती बहुतेक वेळा उलटी असते.

मी या कामात आले तेव्हा कागदाचे दिवस होते. घडीपत्रिका, दुकानात लावायचं पोस्टर, मोशीच्या किसान प्रदर्शनात वाटायची पीकमार्गदर्शिका. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोन हंगामांत चित्र पालटलं. गुगल आणि केपीएमजीनं २०१७ साली काढलेल्या अहवालात भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणाऱ्यांचा २०१६ चा आकडा २३ कोटी ४० लाख होता आणि इंग्रजीतून वापरणाऱ्यांचा १७ कोटी ५० लाख. तो अहवाल हातात घेऊन आम्ही कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. मराठीत लिहा, मराठीत शोधतायत लोक, हे पटवायला आकडा लागतोच.

नंतरची काही वर्षं आमच्या धंद्याला बरी गेली. बागायतदार फोनवर 'डाउनी उपाय' टाकायचा, कधी देवनागरीत, बहुतेक वेळा रोमन लिपीतल्या मराठीत, आणि आमचा लेख वर यायचा. लेखाखाली जवळच्या विक्रेत्याचा नंबर. लेख वाचला, फोन केला, दुकानात गेला, अशी साखळी मोजता यायची. मोजता आली की कंपनी पैसे देते. मग आम्हीही त्या मोजमापाला भुललो. केवड्यावर, म्हणजे डाउनीवर, एक लेख, भुरीवर एक, करप्यावर एक, आणि पुन्हा केवड्यावर वेगळ्या शीर्षकानं एक. आमच्याकडे तसं होतं, शेजारच्या एजन्सीकडेही तसंच होतं. सगळ्यांचा माल एकाच विहिरीतून उपसलेला: विद्यापीठाची शिफारस, कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक, 'ॲग्रोवन'मधले सल्ले. शब्द इकडचे तिकडे करून प्रत्येकाच्या हंड्यात तेच पाणी. एआय आल्यावर मराठी मजकूर सारखा सारखा झाला अशी तक्रार जे करतात, त्यांनी २०२० चे आमचे लेख काढून पाहावेत.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी बाजारात आलं. त्याची मराठी सुरुवातीला यथातथाच होती, म्हणून आम्ही वर्षभर निर्धास्त राहिलो. नंतर ती झपाट्यानं सुधारली. एका कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांनी बैठकीत एक्सेलची शीट पडद्यावर लावली. दरमहा जेवढे लेख आम्ही द्यायचो त्याच्या दहापट लेखांची यादी, आणि दर जवळजवळ एक दशांश. "आता लिहायला वेळ लागत नाही ना," असं ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पिकांची नावं एका रांगेत, रोगांची दुसऱ्या रांगेत, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे कंटेंट. मराठीत घरून लेख लिहून देणाऱ्या किती तरी बायका या धंद्यात होत्या. शब्दाला ठरावीक पैसे मिळायचे. कुणी गृहिणी, कुणी कृषी पदविका घेऊन लग्नानंतर नाशिकला आलेली. त्यांचं काम पहिल्यांदा गेलं. कुणी त्यांना काढलं असं झालं नाही. फोन यायचे बंद झाले.

तो गुणाकार केलेल्या कंपन्यांना त्याचं फळ फारसं मिळालं नाही. मार्च २०२४ मध्ये गुगलनं आपले नियम कडक केले. केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगानं बनवलेला मजकूर, मग तो माणसानं बनवलेला असो की यंत्रानं, खाली ढकलायचं धोरण जाहीर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात शोधाच्या निकालांवर एआयनं तयार केलेलं उत्तर दिसायला लागलं, सुरुवातीला इंग्रजी आणि हिंदीत. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर वरच मिळतं, खाली आमच्या लेखापर्यंत यायची गरज उरत नाही. त्याचं उत्तर आमच्याच लेखांवरून बेतलेलं असणार, पण आमच्या विक्रेत्याचा नंबर त्यात नाही. मोजमापाची ती साखळी तिथं तुटली. लेखांवर येणाऱ्यांची संख्या उतरत गेली, आणि ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती ते म्हणजे विक्री त्या प्रमाणात उतरली नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्या आकड्यांवर बिलं लावत होतो त्यांचा आणि दुकानातल्या विक्रीचा संबंध आम्ही सांगायचो तेवढा घट्ट नव्हता. हे वाक्य मी बैठकीत उच्चारलं तेव्हा आमच्याच लोकांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

यंत्राच्या मजकुराचा खरा धोका मला एका मसुद्यात दिसला. बाहेरून करून घेतलेला मसुदा होता, द्राक्षावरच्या बुरशीनाशकांचा. भाषा स्वच्छ, शुद्धलेखन आमच्या काही लेखकांपेक्षा चांगलं. पण एका औषधाचा काढणीपूर्व कालावधी आपल्याकडच्या लेबलाशी जुळत नव्हता, आणि खाली ज्याची शिफारस होती त्याला भारतात द्राक्षावर लेबल क्लेमच, म्हणजे त्या पिकावर वापरायची मान्यताच, नव्हता. आमच्याकडे तपासणीला बसणाऱ्या निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी लाल पेन काढला. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते म्हणाले, "ताई, हे छापलं तर बागायतदाराचा कंटेनर रॉटरडॅमहून परत येईल. आपलं काय जातंय?"

हे गमतीत म्हटलेलं नव्हतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. वेलीची वाढ आवरायला ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. त्या हंगामात कर्जात गेलेली घरं निफाड-दिंडोरी पट्ट्यात आजही आहेत. तेव्हापासून निर्यातीचा बागायतदार लेबल वाचतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, सगळे तिला 'अनेक्शर पाच' म्हणतात, ती त्याच्या फोनमध्ये असते. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, लेबलाबाहेरची शिफारस करायला कंपनीला मुभा नाही. अशा वाचकासमोर आत्मविश्वासानं चुकीचा आकडा ठेवणं म्हणजे त्याच्या हातात बाग आणि आपल्या हातात फक्त 'माफ करा'. लेख बनवणं दहापट सोपं झालं, पण अण्णांचे डोळे दोनच. लिहिणं स्वस्त झाल्यावर तपासणं महाग झालं. महिन्याला शंभर लेख मागणाऱ्या शीटमध्ये तपासणीचा रकाना नव्हता.

दरम्यान वाचकही बदलला होता, आणि मला वाटतं तो बदल यंत्राहून मोठा आहे. पूर्वी माझ्या डोळ्यांसमोर एक पन्नाशीचा बागायतदार असायचा, चष्मा लावून घडीपत्रिका वाचणारा. आज बाग बघणारा बहुधा त्याचा मुलगा असतो. इंजिनीअरिंग करून परत आलेला, किंवा पुण्यातली नोकरी सोडून. तो लेख वाचत नाही. दुसऱ्या बागायतदाराचा यूट्यूब चॅनल बघतो, ज्यात प्लॉटमध्ये उभं राहून, घामाघूम होऊन कुणीतरी "हे बघा, ही माझी चूक झाली" म्हणतो. कंपनीच्या चकचकीत चित्रफितीपेक्षा त्याला ते खरं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरं असतंही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, रील्स आले, आणि खेड्यातली कॅमेऱ्याची भीती संपली. बांधावरची बाई थिनिंग कसं करायचं हे तीस सेकंदांत दाखवते, आणि थिनिंग बायकाच करतात, हे आमच्या कुठल्याही पोस्टरवर कधी नव्हतं. मी स्वतः बाई असून माझ्याही लिहिण्यात 'शेतकरी बंधूंनो' होतं.

आता हा तरुण बागायतदार पानाचा फोटो काढून थेट एआयला विचारतो. त्याला दहा सेकंदांत उत्तर मिळतं, तेही मराठीत. राज्य सरकारनंही २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे एआयवर चालणारं ॲप शेतकऱ्यांसाठी आणलं आणि शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरण मंजूर केलं. 'पानावर तेलकट डाग कशाचे' या प्रश्नासाठी आता कुणालाही आमची गरज नाही. पण मग आमच्या हेल्पलाइनवर फोन कमी व्हायला हवे होते. झालं वेगळंच. पिंपळगावच्या एका मुलानं फोनवर मला सांगितलं ते असं: "मॅडम, त्यानं डाउनी सांगितलंय, औषध पण सांगितलंय. पण माझा अठ्ठाविसावा चालू आहे आणि परवा पाऊस सांगितलाय. आज मारू का परवा?" त्याला माहिती नको होती, ती त्याच्याकडे होती. त्याला कुणीतरी आपल्या नावानं 'आज मार' किंवा 'थांब' म्हणायला हवं होतं. आणि चुकलं तर उद्या त्याच नंबरवर फोन करता यायला हवा होता.

मी तो फोन अण्णांना दिला. त्यांनी आधी विचारलं, जमीन कसली, कॅनोपी किती दाट, ब्लोअरनं मारतो की हातानं, मागची फवारणी कधीची. पाऊण तास बोलणं चाललं. त्या फोनचा कुठल्याही रिपोर्टमध्ये एक आकडा झाला नाही, आणि मला विचाराल तर त्या वर्षातलं आमचं सर्वांत चांगलं कंटेंट तो फोन होता.

पुढचा हंगाम आमची परीक्षा घेऊनच आला. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. मुंबईत २६ मे रोजी मोसमी पाऊस पोचला, इतका लवकर तो आधी नोंदलाच गेला नव्हता. द्राक्षाच्या वेलीला एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ऊन लागतं. त्या काळात काडीवरच्या डोळ्यांच्या आत ठरतं की पुढं इथं घड येणार की नुसती बाळी. ऐन त्याच काळात आभाळ भरलेलं राहिलं आणि पाऊस थांबेना. ऑक्टोबरमध्ये छाटणी केल्यावर काय होणार याची धास्ती जुन्या बागायतदारांना जूनमध्येच होती. एआयला विचारलं तर ते नेहमीच्या वर्षाचं नेहमीचं वेळापत्रक सांगायचं. त्याचा दोष नाही, त्यानं वाचलेलं सगळं नेहमीच्या वर्षांबद्दलचं होतं. आमचे जुने लेखही त्याच वर्षांचे. दहा वर्षांत जमवलेलं कंटेंटचं भांडार त्या एका हंगामापुरतं निकामी झालं.

तेव्हा आम्ही कंपनीला एक प्रस्ताव दिला. सप्टेंबरमध्ये शेतात फिरणाऱ्या प्रतिनिधींनी ठिकठिकाणच्या काड्या आणायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासायचे आणि जे दिसेल ते गाव, वाण, खरड छाटणीची तारीख यांसह व्हॉट्सॲपवर जाहीर करायचं. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची, यंदा या प्लॉटवर खर्च किती करणं शहाणपणाचं, हे त्यावरून बागायतदाराला ठरवता आलं असतं. मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं होतं की हंगामाच्या तोंडावर निराशा कशाला पसरवायची, 'घड कमी निघतील' म्हटलं की विद्राव्य खतांची मागणी पडणार. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. ज्याच्या बागेत घड नाहीत त्याला खत कोण विकणार? बैठक लांबली. शेवटी विक्री विभागातल्या एका जुन्या माणसानं बाजू घेतली, "उधारी बुडाली तर मागणीचं काय करता?" हा मुद्दा माझ्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा भारी ठरला.

त्या नोंदी विक्रेत्यांनी स्वतःहून पुढं पाठवल्या. स्पर्धक कंपन्यांच्या विक्रेत्यांनीही पाठवल्या, त्यावरचं आमच्या कंपनीचं चिन्ह कापून. मला त्याचा आनंदच झाला. घड कमी आले, बऱ्याच ठिकाणी आलेले जिरले, आणि आमच्या कंपनीची खतविक्री त्या हंगामात घटली, हेही सांगायला हवं. कंटेंटनं विक्री वाढते असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, त्या वर्षी कंटेंटनं बागायतदाराचा खर्च वाचवला आणि कंपनीची बुडीत उधारी. ते कुठल्या रकान्यात लिहायचं यावर अजून एकमत नाही.

एआय आम्ही वापरत नाही असं कुणी समजू नये. भरपूर वापरतो. प्रतिनिधी बांधावरून व्हॉइस नोट पाठवतात, गाडीच्या आवाजात, वाऱ्यात, तिची अक्षरं यंत्र करून देतं. हेल्पलाइनवरचे प्रश्न गावनिहाय आणि अवस्थानिहाय लावून देतं, त्यामुळे कुठल्या पट्ट्यात भुरी डोकं वर काढतेय हे दुकानदाराच्या आधी कळतं. तासगावकडची नोंद विजयपूर-तिकोट्याच्या बागायतदारांसाठी कानडीत करून देतं, आमचा तिथला माणूस ती वाचून दुरुस्त करतो. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे दिवसांचा हिशेब. बागायतदार आपली छाटणीची तारीख कळवतो, त्याला संदेश त्याच्या बागेच्या दिवसाप्रमाणे जातात. सटाण्याच्या अर्ली छाटणीवाल्याला वेगळे, उशिरा छाटणाऱ्या सांगलीकराला वेगळे. सगळ्यांना सोमवारी सकाळी एकच पोस्ट, हा मूर्खपणा त्यानं संपवला. माणसानं हे करायचं म्हटलं असतं तर आमची अख्खी ऑफिसं कमी पडली असती.

पैशाची वाटणी त्यामुळे बदलली. पूर्वी बजेटचा मोठा भाग लिहिण्यावर आणि जाहिरात वर दिसावी यावर जायचा. आता मोठा भाग प्रतिनिधींच्या प्रवासावर, सूक्ष्मदर्शकावर, अण्णांसारख्या तपासणाऱ्यांच्या मानधनावर जातो. कंपन्या आणखी एक मागतात, की एआयनं उत्तर देताना आमचं नाव घ्यावं अशा पद्धतीनं लिहा. ते शिकवणाऱ्या सल्लागारांचं पीक सध्या जोरात आहे. मी त्यातलं एवढंच करते की मजकूर सुटसुटीत ठेवते, तारीख-ठिकाण-वाण स्पष्ट लिहिते, कुणी पाहिलं ते लिहिते. यंत्राला आणि माणसाला, दोघांना ते लागतं. त्यापलीकडच्या युक्त्यांवर माझा विश्वास नाही. आज चालतील, उद्या गुगल नियम बदलेल, आणि आपण पुन्हा एक्सेलची शीट घेऊन बसू.

एक गोष्ट मात्र मला सलते. घडीपत्रिका लिहितालिहिता मी शिकले. चुकीचं वाक्य अण्णा खोडायचे, मी पुन्हा लिहायचे, त्यातून द्राक्ष कळत गेलं. ते सोपं, कंटाळवाणं, उमेदवारीचं काम आता यंत्र करतं. मग उद्या अण्णांच्या जागी बसणारं माणूस कुठल्या कामातून तयार होणार? दोन मुलींना आम्ही घेतलंय, दोघी कृषी पदवीधर, आणि त्यांना पहिलं वर्षभर लिहायला देत नाही, बांधावर पाठवतो. कंपनी विचारते की याचं बिल कशात लावायचं. सध्या ते आम्ही आमच्याच खिशातून लावतो.

या हंगामापासून आमच्या प्रत्येक सल्ल्याखाली तो देणाऱ्याचं नाव, त्याचा चालू फोन नंबर, नोंद कुठल्या गावची आणि बागेच्या कितव्या दिवसाची, एवढं छापायचं ठरलंय. एका कंपनीनं याला नकार दिला, तिचं काम आम्ही सोडलं. ज्यांना सल्ल्याखाली माणसाचं नाव घालता येत नाही त्यांनी सल्ला देऊ नये, नुसतं औषध विकावं. बागायतदारांनाही एकच सांगणं आहे. उत्तर यंत्राचं असो की कंपनीचं, फवारणीचा पंप भरण्याआधी डब्यावरचं लेबल वाचा आणि खाली कुणाचं नाव आहे ते बघा. नाव नसेल तर फोन करून विचारा.